खांदा निखळतो आणि मोडतोही

खांदा उतरला की तो ओढून बसवायचा असतो, हे गावात कोणालाही विचारले तरी सांगेल. कबड्डीच्या मैदानावर एखाद्या पोराचा खांदा निखळतो, कोणी जाणता माणूस त्याच्या काखेत पाय देतो, हात ताणतो, 'खट्' असा आवाज होतो आणि पोराच्या चेहऱ्यावरची कळ उतरते. असे प्रसंग अनेकांनी पाहिलेले असतात. त्यामुळे निखळलेला खांदा म्हणजे एका झटक्याचे काम, असा समज पक्का झाला आहे. आज मला ज्या दुखापतीविषयी सांगायचे आहे तिथे हाच समज घात करतो. या दुखापतीत सांधा निखळलेला असतो आणि त्याच वेळी हाडही मोडलेले असते. नुसता निखळलेला खांदा आणि मोडून निखळलेला खांदा, दोन्ही बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. पहिला ओढून बसतो. दुसरा ओढला, तर अधिक मोडण्याची भीती असते.

हे नीट समजण्यासाठी आधी सांध्याची रचना पाहू. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर व्यासाचा गोळा असतो. हा गोळा खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, एका उथळ खळग्याला टेकलेला असतो. खळगा इतका लहान की एका वेळी गोळ्याचा पाव ते एक तृतीयांश भागच त्याला टेकतो. बशीत लिंबू ठेवावे तसा हा प्रकार आहे. बशी उथळ असल्यामुळेच आपण हात चहूबाजूंनी फिरवू शकतो, पाठीवर नेऊ शकतो, डोक्यावर नेऊ शकतो. पण बशी उथळ असल्यामुळेच लिंबू घरंगळण्याचा धोकाही असतो. शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त निखळणारा सांधा खांद्याचाच.

लिंबू घरंगळू नये म्हणून निसर्गाने बंदोबस्त केला आहे. खळग्याच्या काठाला कूर्चेची कड आहे, सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण आहे आणि चार स्नायूंच्या कंडरा गोळ्यावर टोपीसारख्या बसल्या आहेत. या कंडरा गोळ्याच्या बाजूच्या दोन उंचवट्यांना चिकटलेल्या असतात. एक उंचवटा मोठा, बाहेरच्या बाजूला. दुसरा लहान, पुढच्या बाजूला. या दोन उंचवट्यांची नावे लक्षात ठेवायची गरज नाही, पण ते आहेत हे लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेचे निम्मे यश त्यांच्यावरच अवलंबून असते.

खांदा निखळतो तेव्हा शंभरातल्या सुमारे पंचाण्णव वेळा गोळा पुढे आणि खाली सरकतो. बाहेरचा गोलवा जातो आणि खांदा चौकोनी दिसू लागतो. तरुण माणसाची हाडे मजबूत असतात, म्हणून बहुधा कूर्चेची कड फाटते आणि निभावते. चाळिशीनंतर, विशेषतः साठीनंतर, हाड ठिसूळ होत जाते. तिथे गोळा सरकताना हाडच तुटते. हे तुटणे तीन तऱ्हांचे असते. पहिल्या तऱ्हेत मोठ्या उंचवट्याचा तुकडा निघतो. ही सर्वांत नेहमीची. दुसऱ्या तऱ्हेत खळग्याच्या काठाचा टवका उडतो. तिसरी तऱ्हा सर्वांत गंभीर. तिच्यात दंडाच्या हाडाची मान मोडते. गोळा हाडापासून सुटून काखेत किंवा छातीच्या बाजूला जाऊन पडतो आणि हाडाचा दांडा एकटाच खांद्यात राहतो.

आता ओढण्याचा प्रश्न पाहा. तिसऱ्या तऱ्हेत आपण हात ओढला तर काय ओढले जाईल? फक्त दांडा. गोळ्याला तो जोडलेलाच नाही. गोळा आहे तिथेच राहील आणि तुटलेल्या हाडाची टोके काखेतल्या नसांवर व रोहिणीवर घासतील. त्याहून वाईट म्हणजे, काही रुग्णांत मान तडकलेली असते, पण सरकलेली नसते. जोराने ओढले की ती तडक पूर्ण मोडते आणि साधी दुखापत कठीण होऊन बसते. म्हणून कोणताही निखळलेला खांदा, विशेषतः चाळिशीपुढच्या माणसाचा, आधी फोटो काढल्याशिवाय ओढू नये. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, तो शब्द चांगला आहे. फोटो किमान दोन बाजूंनी हवा. समोरून घेतलेल्या एकाच फोटोत गोळा जागेवर असल्याचा भास होऊ शकतो.

काखेत टाच देऊन हात ताणण्याची रीत फार जुनी आहे. ती ग्रीक वैद्य हिपोक्रेटसच्या नावाने ओळखली जाते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी 1870 मध्ये न ताणता, हात वळवून खांदा बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन्ही पद्धती क्ष-किरणांच्या आधीच्या. रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली. तोवर आत काय मोडले आहे हे कोणाला दिसतच नव्हते. त्या काळच्या वैद्यांना दोष देता येत नाही. पण आज तालुक्याच्या गावीही एक्स-रे मशीन असताना आंधळेपणाने हात ओढण्याला काही सबब उरलेली नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. वय अठ्ठावन्न. घरी पोळ्या लाटून डबे देण्याचा व्यवसाय. मोरीत पाय घसरून त्या पडल्या. शेजाऱ्यांनी एका माहितीतल्या माणसाकडे नेले. त्याने दोनदा हात ओढला, तेल चोळले आणि पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा दंड काळानिळा झाला होता आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळत नव्हता. फोटोत गोळा काखेत पडलेला आणि मोठा उंचवटा वेगळा झालेला दिसला. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, लाटणं धरता येईल ना?" शस्त्रक्रियेच्या चर्चेत आपण पट्ट्या आणि स्क्रू यांच्याविषयी बोलतो. रुग्णाचा प्रश्न मात्र नेहमी असाच असतो, आणि उपचार ठरवताना तोच समोर ठेवावा लागतो.

त्यांच्या खांद्याला बधिरपणा का आला? काखेतून एक नस दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून मागे जाते आणि खांद्यावरच्या मोठ्या त्रिकोणी स्नायूला चालवते. गोळा निखळला की ही नस ताणली जाते. म्हणून काहीही करण्याआधी डॉक्टरने खांद्याची बाहेरची बाजू टोचून पाहावी, बोटे हलवायला सांगावीत, मनगटाची नाडी पाहावी आणि ते सारे लिहून ठेवावे. बहुतेक वेळा नस तुटलेली नसते, नुसती ताणलेली असते आणि काही महिन्यांत सुधारते. पण हात गार पडला, फिकट झाला, तर रोहिणीला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. तिथे तासांचाही हिशेब असतो.

फोटोनंतर बहुधा सीटी स्कॅन करावा लागतो. तुकडे किती, कोणत्या दिशेला वळलेले, गोळा फुटला आहे का, हे त्यात स्पष्ट दिसते. अमेरिकेतील बोस्टनचे डॉक्टर अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये दाखवून दिले की दंडाच्या हाडाचे वरचे टोक ठरावीक चार भागांत फुटते : गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि दांडा. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीअर यांनी 1970 मध्ये त्यावरून वर्गवारी केली. एखादा भाग एक सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकला किंवा 45 अंशांपेक्षा अधिक वळला, तर तो सुटा धरायचा. आजही आम्ही 'दोन तुकड्यांचा', 'चार तुकड्यांचा' असे बोलतो ते या वर्गवारीमुळे.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते का? मुळीच नाही. नुसता मोठा उंचवटा तुटला असेल, तर भूल देऊन, स्नायू सैल करून, गोळा हळुवारपणे जागेवर बसवतात. गोळा बसला की पुष्कळदा उंचवट्याचा तुकडाही आपोआप जागेवर येतो. मग दोन-तीन आठवडे झोळी आणि नंतर व्यायाम पुरतो. तुकडा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला राहिला, तर मात्र तो बांधावा लागतो. नाहीतर हात वर नेताना तो वरच्या हाडाला अडतो.

खांद्याच्या हाडाच्या मोडीला सरसकट शस्त्रक्रिया करू नये, असा पुरावाही आता आहे. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना नुसती झोळी. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही, आणि पाच वर्षांनीही चित्र तेच राहिले. ही बातमी वाचून काही रुग्ण "मग मला का कापता?" असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ज्यांचा सांधा निखळलेला होता त्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. हाड मोडले तरी गोळा खळग्यासमोर असेल, तर वाट पाहता येते. गोळाच खळग्याबाहेर असेल, तर झोळीत हात ठेवून तो परत येणार नाही.

आणखी एक कारण आहे. गोळा जिवंत हाडाचा आहे. त्याला रक्त लागते. ते त्याच्या मानेभोवतीच्या दोन लहान रोहिण्यांमधून आणि चिकटलेल्या आवरणातून येते. मान मोडली, उंचवटे सुटले, गोळा बाहेर फेकला गेला, की हा पुरवठा तुटू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या हर्टेल या शल्यचिकित्सकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले की गोळ्याच्या आतल्या बाजूला मानेचा आठ मिलिमीटरहून कमी भाग चिकटून राहिला असेल आणि आतली बिजागरी सरकली असेल, तर गोळ्याचे रक्त तुटल्याची शक्यता मोठी असते. रक्त नसलेला गोळा पुढच्या एक-दोन वर्षांत खचू शकतो. तरुण रुग्णात आम्ही घाई करतो ती यासाठी. गोळा जितका लवकर जागेवर येईल, तितकी तो जगण्याची आशा जास्त.

शस्त्रक्रिया कशी होते ते थोडक्यात सांगतो. पूर्ण भूल देतात, जोडीला मानेजवळ इंजेक्शन देऊन हातही बधिर करतात. रुग्णाला आरामखुर्चीत टेकल्यासारखे अर्धवट बसवतात. खांद्याच्या पुढच्या बाजूने, त्रिकोणी स्नायू आणि छातीचा स्नायू यांच्यामधल्या खाचेतून आत शिरतात. स्नायू कापायचे नसतात, बाजूला सारायचे असतात. मग उंचवट्यांचे तुकडे शोधून त्यांच्या कंडरांतून जाड, न विरघळणारे दोरे ओवतात. लगाम हातात घ्यावेत तसे ते दोरे धरून ठेवायचे. त्यानंतर सर्वांत नाजूक काम. काखेत पडलेला गोळा नसांच्या जाळ्याजवळ असतो. तो हळूच उचलून खळग्यासमोर आणायचा. पुढे तारांनी तात्पुरता आधार देऊन, सी-आर्म यंत्रावर पाहून, हाडाच्या बाहेरच्या बाजूला पट्टी बसवायची.

ही पट्टी पूर्वीसारखी साधी नसते. जुन्या पट्टीतले स्क्रू ठिसूळ हाडात सैल होत. गेल्या पंचवीसेक वर्षांत रुळलेल्या 'लॉकिंग' पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीतच आटे धरून घट्ट बसते. त्यामुळे पट्टी आणि स्क्रू मिळून एकच चौकट होते. दोरे शेवटी याच पट्टीला बांधतात. पण पट्टी म्हणजे जादू नव्हे. गोळा खचला, तर हेच घट्ट स्क्रू त्यातून बाहेर येऊन खळगा खरवडू शकतात. म्हणून स्क्रूची लांबी मोजताना हात आखडता घ्यावा लागतो, आणि पुढचे फोटो चुकवून चालत नाहीत.

गोळा फुटून चुरा झाला असेल, किंवा वयस्क माणसात तो जगण्याची आशा नसेल, तर कृत्रिम सांधा बसवतात. याचाही इतिहास आहे. पॅरिसमध्ये 1893 साली पेआं या शल्यविशारदांनी क्षयाने खांदा किडलेल्या एका पाव भाजणाऱ्या कामगाराला प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे तो दोनेक वर्षांनी काढावा लागला. नीअर यांनी 1950 च्या दशकात मोडलेल्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवण्याची पद्धत रूढ केली. तिच्यात अडचण एकच. धातूच्या गोळ्याभोवती उंचवटे सांधले गेले, तरच हात उठतो. म्हाताऱ्या हाडात ते पुष्कळदा सांधत नाहीत.

यावर फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे डॉ. पॉल ग्रामाँ यांनी 1985 मध्ये एक तोडगा काढला. त्यांनी सांधा चक्क उलटा केला. गोळा खवाट्याला लावला आणि वाटी दंडाच्या हाडाला. त्यामुळे सांध्याचा मध्यबिंदू आत आणि खाली येतो आणि त्रिकोणी स्नायूला चांगली तरफ मिळते. कंडरा निकामी झाल्या तरी तो एकटा हात उचलतो. सत्तरीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या रुग्णांत मोडून निखळलेल्या खांद्यासाठी आज हा उलटा सांधा पुष्कळ वापरला जातो. मात्र त्या त्रिकोणी स्नायूची नस शाबूत हवी. सुरुवातीला स्पर्श तपासून लिहून ठेवा म्हटले, त्याचे महत्त्व इथे कळते.

आता एका फसव्या प्रकाराविषयी. क्वचित गोळा मागे निखळतो. हे घडते मुख्यतः विजेचा झटका बसल्यावर किंवा फिट आल्यावर. सारे स्नायू एकदम आवळले जातात आणि त्या ताकदीने गोळा मागे फेकला जातो, खळग्याच्या काठावर आपटून फुटतो. कधी दोन्ही खांद्यांचे एकदमच असे होते. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला हात लागून झटका बसलेला माणूस वाचला, याचाच घरच्यांना आनंद असतो. खांदा दुखतो ते मुका मार म्हणून सोडून देतात. समोरून काढलेल्या फोटोतही हे सहज निसटते. खूण सोपी आहे. कोपर अंगाला लावून पुढचा हात बाहेर वळवायला सांगा. तो वळतच नसेल, तर बाजूने फोटो किंवा सीटी स्कॅन झालाच पाहिजे. वेळेत लक्षात आले, तर गोळ्याला पडलेल्या खाचेत पुढची कंडरा बसवून सांधा वाचवता येतो. अमेरिकेतील मॅक्‌लॉक्लिन यांनी 1952 मध्ये ही पद्धत मांडली. काही महिने उलटले, तर पुष्कळदा कृत्रिम सांध्याखेरीज मार्ग राहत नाही.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असे नाही. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. मग डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच, कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. हा व्यायाम कॉडमन यांचाच. साधारण सहा आठवड्यांनी स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात होते, आणि वजन उचलणे तीन महिन्यांनंतर. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची आणि जखम चिघळण्याची भीती अधिक, तेव्हा साखर ताब्यात हवी. विडी-सिगारेट, तंबाखू सोडावी; हाड सांधायला ती अडथळा करते. आणि साध्या पडण्याने खांदा मोडला असेल, तर हाडांची घनता तपासून घ्यावी. आज खांदा मोडला, उद्या खुब्याचे हाड मोडू नये म्हणून.

खांदा पूर्वीइतका होईल का? खरे सांगायचे तर इतक्या मोठ्या मोडीनंतर बहुतेकांचा होत नाही. हात कानाला पूर्ण टेकत नाही, वरच्या फळीवरचा डबा दुसऱ्या हाताने काढावा लागतो. पण जेवणे, केस विंचरणे, कपडे घालणे, कमरेच्या उंचीवरचे काम करणे, एवढे बहुतेकांना साधते. त्या पोळ्यावाल्या बाईंची नस चार महिन्यांनी जागी झाली. ओटा थोडा खाली करून घेतल्यावर त्या पुन्हा लाटू लागल्या, पूर्वीच्या निम्म्या पोळ्या. वेणी मात्र सून घालते.

शेवटी घरच्यांनी काय करावे ते सांगतो. हात ओढू नका, चोळू नका, तेल लावू नका. ज्या स्थितीत हात कमी दुखतो त्याच स्थितीत ओढणीची किंवा पंचाची झोळी करून बांधा. बर्फ कपड्यात गुंडाळून लावा. बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा. सूज चढली की त्या कापाव्या लागतात. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका, चहासुद्धा नाही. पडल्याची वेळ लिहून घ्या. दवाखान्यात गेल्यावर दोन गोष्टी जरूर विचारा : फोटो दोन बाजूंनी काढला का, आणि हाताची नस तपासली का. कोणताही डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही, आणि तुमच्या माणसाचा हात मात्र त्यामुळे वाचू शकेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)